जवळ असेल त्याचा हात

१२ ऑक्टोबर

ताई,

मायना काय लिहावा, यातच अर्धा कागद वाया गेला. 'तीर्थरूप' लिहिलं तर तुम्ही म्हणाल, आता बरी आठवण झाली. नुसतं 'ताई' म्हणायचा हक्क तुमची धाकटी बहीण हयात होती तोवरचा. शेवटी ती जी हाक मारायची तीच ठेवली. रागावू नका.

कारण एवढंच, की आम्ही जागा बदलली आहे. छापखाना बंद झाल्याचं तुमच्या कानावर आलं असेल. वरची खोली मालकांची होती, तेव्हा नोकरीबरोबर तीही गेली. नवी जागा तात्पुरती आहे. शेजार चांगला आहे. मुंगीची शाळा तीच आहे, पायी जाता येतं. ती मजेत आहे. तुम्ही ठेवलेलं 'मुंगी' हे नाव तिला असं चिकटलंय, की शाळेतल्या बाईसुद्धा हजेरी घेताना चुकतात.

फोन करू नका, तो बिघडला आहे. उत्तर पाठवायचं असेल तर पाकिटावर झेरॉक्सच्या दुकानाचा पत्ता आहे, तिथे पाठवा. मी सध्या तिथे काम करतो. मुलांचे प्रबंध टाइप करायचे, त्यातल्या चुका काढायच्या. दुकानदार भला आहे, दुसऱ्याचं पत्र फोडत नाही.

तुमच्या घरून मुंगीला उचलून निघालो, तेव्हा तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "पोरीचे हाल झाले तर बघा." तिचे हाल होत नाहीत, हे कळवावं म्हणून लिहिलं.

हे वाक्य मी पुन्हा वाचलं. अगदीच खोटं नाही ते. पण लिहिताना हात थांबला होता, हेही खरं.

एक विचारू? मुंगी तुमच्याकडे राहायची तेव्हा झोपेत दचकायची का?


२८ ऑक्टोबर

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. नमस्कार नाही, आशीर्वाद नाही, नुसते प्रश्न. कितवा मजला? नळ घरात आहे का? दाराला आतून कडी आहे का? मी दुकानात कार्ड वाचत होतो, तर दुकानदार म्हणाला, "काय मास्तर, परीक्षेचा पेपर आला का?" मी मास्तर नाही, पण इथे सगळे मला मास्तरच म्हणतात.

उत्तरं देतो. तळमजला. नळ घरात नाही, पण लांबही नाही. कडीचं म्हणाल, तर शेजारी पाण्याच्या टाकीचं आवार आहे आणि फाटकावर पहारेकरी असतो. काळजी नसावी.

शाळेचे तास सोडले तर मुंगी दिवसभर थोरलीजवळ असते. थोरली म्हणजे आमची शेजारीण. कुणाची थोरली ते कुणालाच माहीत नाही, पण लहानमोठे सगळे तिला थोरलीच म्हणतात. सिग्नलला कंगवे आणि केसांच्या पिना विकते. माझ्याशी पहिल्यांदा बोलली ती अशी: "मास्तर, पोरीच्या वेण्या तुम्ही घालता? मग बरोबर. एक वेणी पूर्वेला चालली, एक पश्चिमेला." तेव्हापासून वेण्या तीच घालते. पलीकडे गवंडी, त्याची बायको आणि त्यांचं रांगतं मूल आहे. आई स्टोव्हपाशी बसली की मुलाच्या कमरेला ओढणी बांधून तिचं दुसरं टोक कठड्याला अडकवते, नाहीतर ते सरळ गाड्यांखाली

म्हणजे बाहेर जाईल.

परवा शाळेतून येताना एका माणसाने गाडीची काच खाली करून मुंगीला विचारलं, "घरी सोडू का?" मी दहा पावलं मागे होतो. मी हाक मारली, तर त्याने माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या चपलांकडे बघितलं, आणि हसून निघून गेला. घाबरून निघून गेला असता तर बरं वाटलं असतं. तेव्हापासून ती माझ्या नजरेआड असते तेवढा वेळ कामात लक्ष लागत नाही. दुकानात बसून मी लोकांच्या चुका काढतो आणि एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा नजर फिरवत राहतो.

साडूभाऊंची सगळी नोकरी कोर्टात झाली. त्यांना एक विचाराल का? बापाजवळ असलेलं मूल सरकारी माणसं नेऊ शकतात का? घर नाही एवढ्याच कारणावरून? एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय.


९ नोव्हेंबर

ताई,

कार्डाच्या कडेला साडूभाऊंनी लिहिलेलं उत्तर वाचलं. "बाप असताना नेता येत नाही. पण तो बाप आहे हे दाखवावं लागतं. त्या ओळखीच्या माणसाकडे कागद आहेत ना?"

कागद नाहीत. ओळखीचा माणूस मीच.

मजल्याचं उत्तर मी तळमजला असं दिलं होतं. टाकीच्या आवाराची लांब भिंत आहे, तिला लागून फुटपाथ आहे, आणि त्यावर ताडपत्र्या बांधून आम्ही काही कुटुंबं राहतो. पहारेकरी आहे, पण तो टाकीची राखण करतो, आमची नाही. फोन बिघडला नाही, विकला. विकला नसता तरी तुम्हाला केला नसता. मागून बसचे आवाज आले असते आणि तुम्ही विचारलं असतं, "हे कुठून बोलताय?" कागदाला आवाज नसतो, म्हणून पत्र.

खोली सुटल्यावर काही दिवस एका मित्राकडे काढले. त्याच्या बायकोचा चेहरा हळूहळू लांब होत गेला. मग आठवड्यापुरतं म्हणून इथे आलो. पहिल्याच आठवड्यात पालिकेचा ट्रक आला आणि दिसेल ते सामान भरून घेऊन गेला. आमची ट्रंक त्यातच गेली. मुंगीचा जन्मदाखला, आमच्या लग्नाचा फोटो, माझी प्रमाणपत्रं, सगळं तिच्यात होतं. मी मागे धावत "त्यात कागद आहेत, कागद!" म्हणून ओरडत होतो. ट्रकमधल्या एकाने उत्तर दिलं, "मग रद्दीत घालू."

आता मुद्द्याचं लिहितो. इथे आम्हाला पावसाची, थंडीची भीती नाही. भीती आहे ती एका पांढऱ्या गाडीची. बेवारस मुलांना उचलणाऱ्या खात्याची ती गाडी. काम वाईट नाही त्यांचं. अशी मुलं असतात आणि त्यांना कुणीतरी उचलायला हवंच. पण सकाळी आयाबाया पाण्याला, कामाला पांगलेल्या असतात. त्या वेळी फुटपाथवर एकटं दिसणारं प्रत्येक मूल त्यांच्या लेखी बेवारस. म्हणून भिंतीपाशी एक नियम आहे. गाडी दिसली की कुणीतरी ताटली वाजवतं. ताटली वाजली की प्रत्येक मोठ्या माणसाने जवळ असेल त्या पोराचा हात धरायचा. कुणाचं आहे ते बघायचं नाही. हात धरला की तुम्ही त्याची आई, आजी, मामा, जे सुचेल ते. गाडी जाईपर्यंत नातं बदलायचं नाही.

"हेच महत्त्वाचं," थोरलीने मला बजावलं. "मधेच पोर खऱ्या आईकडे पळालं की धरलेली खोटी पडते, आणि मग खरीवरही कुणी विश्वास ठेवत नाही. मागे एक पोरगी अशीच पळाली. आणायला उन्हाळा गेला."

मी म्हणालो, "पण खरं सांगितलं तर? मी तिचा बाप आहे, शिकलेला आहे, नीट समजावून सांगेन."

"सांगा की. तुमचा खरेपणा चाटून बघतील आणि अळणी म्हणून थुंकतील."

गवंड्याची बायको तोंडाला पदर लावून हसली. मुंगीही हसली. तिला नियम फार आवडतात, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्याकडे असताना ती चपलासुद्धा ओळीत लावायची. हा नियम तर तिला खेळच वाटला. संध्याकाळी थोरली तिचा हात धरून बसायची आणि मला गाडीतला साहेब व्हायला लावायची.

"ही कोण?" मी विचारायचो.

"आजी."

"आणि हा माणूस कोण?" स्वतःकडे बोट दाखवून मी विचारायचो.

"माहीत नाही."

"नक्की?"

"कधी बघितला पण नाही," असं म्हणून ती हसत सुटायची.

मला हसू येत नव्हतं. मी तिला सावध राहायला शिकवत होतो, की मला नाकारायला? रोजनिशीत या प्रश्नावर मी पानभर लिहिलं, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा साहेब झालो.

इथे येऊ नका. तुम्ही याल तर तिला न्यायलाच याल. खोली शोधतोय. भिंत कुठली ते म्हणूनच लिहीत नाही.


२१ नोव्हेंबर

ताई,

नेली.

हे पत्र मी दुकानात लिहितोय. दुकानदाराने मशीन बंद करून मला स्टुलावर बसवलं आहे. काय झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर मला ते नीट दिसणार नाही.

शाळेला सुट्टी होती. मुंगीला थोरलीजवळ सोडून मी सार्वजनिक न्हाणीघराच्या रांगेत उभा राहिलो. माझा नंबर लागला, डोक्याला साबण लावला, आणि ताटली वाजली. तिथे ती ऐकू येते. मी तसाच सदरा चढवून धावलो.

आता लिहितो ते लिहायला सगळ्यात कठीण आहे. मी अंघोळ पुरी केली असती तर काहीही झालं नसतं. थोरलीने मुंगीचा हात धरला होता. गाडीतून उतरलेल्या बाईला तिने सांगून टाकलं होतं, "नात माझी. हिची आई कामाला गेलीय." मुंगीने मान डोलावली होती. बाईचं समाधान झालं होतं, ती गवंड्याच्या मुलाकडे वळलीही होती. तेवढ्यात मी पोचलो. कानातून फेस ओघळतोय, धाप लागलीय, अशा अवस्थेत मी म्हणालो, "मॅडम, ती माझी मुलगी आहे."

बाई थांबली. वाईट चेहऱ्याची नव्हती. "तुमची? मग या कोण?"

थोरली किती चटकन सावरली! "अहो, जावई माझा! पोरीच्या काळजीनं नेहमी असाच धावत येतो. जा हो, डोकं धुऊन या आधी."

बाईने मला विचारलं, "या तुमच्या सासूबाई?"

हो म्हणायचं होतं. मान हलवली असती तरी चाललं असतं. ताई, मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो. ती बाई माझ्याच वयाची होती, चष्मा, हातात पेन, माझ्यासारखंच स्वच्छ बोलणारी. मला वाटलं, ही माझं ऐकेल. आमची भाषा एक आहे. हिच्याशी खोटं बोलायची गरज नाही. मी म्हणालो, "नाही, सासूबाई नाहीत. या आमच्या शेजारी. हा इथला एक नियम आहे, मी तुम्हाला समजावून सांगतो."

थोरलीने डोळे मिटून घेतले.

बाईचा चेहरा बदलला. एक म्हातारी परक्या मुलीला नात म्हणते आणि एक ओला माणूस तिला मुलगी म्हणतो. तिच्या जागी मी असतो तर मलाही संशय आला असता. ती खाली बसली, मुंगीच्या डोळ्याला डोळा भिडवून तिने विचारलं, "बाळ, घाबरू नकोस. हे कोण आहेत?"

मुंगीने माझ्याकडे बघितलं. ताटली वाजलेली होती. थोरलीने हात धरलेला होता. गाडी गेलेली नव्हती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

मी ओरडलो, "मुंगे, मी बाबा! सांग त्यांना!" आणि ती आणखी ठाम झाली. तिला वाटलं असणार, बाबा साहेबाचंच काम करतायत. "कधी बघितला पण नाही," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

गाडीत बसवताना ती रडली नाही. थोरलीच रडत होती. गाडीचं दार लागलं, तेव्हा काचेतून मुंगी माझ्याकडे बघत होती. शाळेत उत्तर दिल्यावर बाईंच्या चेहऱ्याकडे बघतात, तशी.

ताई, ही गाडी तुम्ही पाठवली का? भिंत कुठली ते तुम्हाला माहीत नव्हतं, तरी विचारतोय. नका उत्तर देऊ. हे खोडणार होतो, पण मनात येऊन गेलं ते लपवण्यात काय अर्थ.


२४ नोव्हेंबर

ताई,

तिला ठेवलंय ते बालगृह सापडलं. मोठं फाटक, आत चिंचोळं मैदान, वाळत घातलेले एकसारखे फ्रॉक. जागा स्वच्छ आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जेवण वेळेवर मिळतं. भिंतीपाशी वेळेवर मिळत नव्हतं.

पहिल्या दिवशी मला फाटकाबाहेर ठेवलं. दुसऱ्या दिवशी थोरली बरोबर आली. धंदा बुडवून आली, इस्त्रीवाल्याकडून लुगडं कडक करून घेऊन आली. अधीक्षक बाईंपुढे हात जोडून म्हणाली, "बाई, मी खोटं बोलले. पोरगी याची आहे. मला काय शिक्षा द्यायची ती द्या."

अधीक्षक बाई थकलेल्या होत्या. "आजी, परवा तुम्ही म्हणालात तुमची. आज म्हणता यांची. उद्या कुणाची?"

"उद्या तुमच्या आईची!" थोरली भडकली. मग स्वतःच जीभ चावली.

बाईंनी मला कागद विचारले. मी ट्रंकेचं सांगितलं. शाळेत विचारा म्हणालो. शाळेतल्या नोंदीत छापखान्यावरच्या खोलीचा पत्ता आहे, तिथे आता कुलूप आहे. शाळेतल्या बाई मला ओळखतात, त्या येतीलही. पण मूल कुणाला द्यायचं ते ठरवणाऱ्या समितीपुढे नात्यातलं, घर असलेलं, ओळखपत्र असलेलं माणूस हवं. बाई म्हणाल्या, "आम्ही चुकून दिली आणि मुलगी नाहीशी झाली तर? अशी झालेली आहे." मला त्यांचा राग आला नाही. राग आला असता तर निदान ऊब आली असती.

मग त्यांनी दया म्हणून मुंगीला व्हरांड्यात आणलं. केस कापलेत तिचे. मधे टेबल होतं. बाईंनी विचारलं, "बघ, हे तुझे बाबा म्हणतात. आहेत का?"

तिने मान हलवली. नाही.

मी म्हणालो, "मुंगे, खेळ संपला." तिने टेबलाखालून स्वतःचाच एक हात दुसऱ्या हातात घट्ट धरलेला मला दिसत होता. "गाडी गेली. आता सांगायचं." ती फाटकाकडे बघत होती. फाटकाच्या आतच ती पांढरी गाडी उभी होती. ती तिथेच असते. रोज तिथेच असणार.

बाईंनी तिला आत नेलं. जाता जाता तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं आणि अगदी किंचित मान डोलावली, मला धीर द्यावा तशी. ते फक्त मला कळलं. ते कुठल्या समितीला दाखवू?

तेव्हापासून मला एकच भीती आहे. ती फार शहाणी मुलगी आहे. कुणी मारलं, कुणी फूस लावली तरी ती शब्द बदलणार नाही. मी शिकवलंय. आणि माणूस एकच खोटं रोज बोलत राहिला तर काही दिवसांनी त्याला ते आठवून बोलावं लागत नाही. मोठ्यांचं असं होतं. लहानांचं किती दिवसांत होतं?

मी 'येऊ नका' लिहिलं होतं. आता या. तुमचं ओळखपत्र, धाकटीचा तुमच्याबरोबरचा एखादा फोटो, मुंगीचा तुमच्या घरचा फोटो, असेल ते घेऊन या. साडूभाऊंनाही आणा, त्यांना समितीपुढे कसं बोलायचं ते कळतं. पत्ता मागच्या बाजूला आहे.

तुम्ही आलात तर ती तुमच्याकडेच जाईल, हे मला कळतं. घर तुमचं आहे, दाराला आतून कडी आहे. मी तुमच्या दारातून तिला उचलून आणली होती. आता मीच तुम्हाला बोलावतोय. तरीही या. ताई, लवकर या.


३ डिसेंबर

ताई,

तुम्ही तिला घेऊन पोचल्याचं दुकानाच्या फोनवर कळवलंत, दुकानदाराने निरोप दिला. "झोपली" एवढाच निरोप होता. दिवसभर तेवढ्यावर चाललं.

समितीपुढे तुम्ही होतातच, पण मुंगी तुमच्याकडे पाठ करून उभी होती. तुम्हाला तिचा चेहरा फारसा दिसला नसेल, मला दिसला. म्हणून लिहितो.

मधल्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी तिला विचारलं, "यांच्यापैकी कुणाला ओळखतेस?" तिने आधी थोरलीकडे बघितलं. थोरलीने हात पदरात गुंडाळून घेतले होते. कुणी शिकवलं नव्हतं तिला, तिने आपणच गुंडाळले. मग मुंगीने तुमच्याकडे वळून बघितलं, मग माझ्याकडे. ओठ मिटलेलेच. खिडकीतून फाटकाच्या आतली ती पांढरी गाडी दिसत होती. मी त्या गृहस्थांना म्हणालो, "एक मिनिट, खिडकी लावू का?" ते म्हणाले, "थंडी वाजते का?" मी हो म्हणालो. ताई, तिथे मी खोटं बोललो. सहज बोललो. आधी का आलं नाही?

खिडकी लावल्यावर मी तिला म्हणालो, "मुंगे, नियम मी मोडला होता. तू नाही. आता खरं सांगायचं."

"सगळं?" तिने विचारलं.

"सगळं."

आणि तिने सगळं सांगितलं. ही माझी मावशी. ही थोरली, खरी आजी नाही, पण वेण्या घालते. हे बाबा. आम्ही टाकीच्या भिंतीपाशी राहतो. बाबा माझ्या शाळेच्या कपड्यांची घडी अंथरुणाखाली ठेवतात, म्हणजे इस्त्री होते. मग गृहस्थांनी मायेने विचारलं, "तिथे तुला भीती वाटत नाही का बाळ?"

"मला नाही वाटत," ती म्हणाली. "बाबांना वाटते. ते झोपत नाहीत. मी त्यांचा हात धरते, मग झोपतात."

तेव्हा तुम्ही तोंडाला रुमाल लावलात, ते मी बघितलं. समितीतल्या बाईंनी काहीतरी लिहिलं, तेही बघितलं. निकाल तिथेच लागला होता. मुलगी यांची आहे हे मान्य, पण राहायला घर होईपर्यंत ताबा मावशीकडे. मी हरकत घेतली नाही. इतके दिवस मला वाटत होतं, मी तिला सांभाळतोय.

बाहेर आल्यावर मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. तुम्ही एवढंच विचारलंत, "जेवलात का?" मग "चला आमच्याकडे" म्हणालात. साडूभाऊ बुटाची नाडी बांधायला वाकले. नाडी सुटलेली नव्हती. राग मानत नाही. तुमच्या घराच्या खोल्या मला माहीत आहेत. काम इथे आहे, खोली इथेच मिळेल. दुकानदाराने माळ्यावरचा कागद हलवून जागा करू म्हणून सांगितलंय. छत बसून राहावं लागेल इतकं ठेंगणं आहे, समितीला चालेल का विचारायला हवं. थोरली म्हणते, "मास्तर, विचारू नका, नुसतं हो म्हणा."

मुंगीबद्दल काही. ती चपला उशाशी घेऊन झोपेल, घेऊ द्या. रस्त्यावर कुणी ताटली, भांडं आपटलं की तिचा हात वर येईल. तुम्ही जवळ असाल तर धरा. शाळेत वडिलांचं नाव विचारतील तेव्हा ती आधी इकडेतिकडे बघेल. तिला घाई करू नका.

भिंतीपाशी आता माझी झोप अशी आहे, की डोळा लागतो आणि हात उघडाच राहतो. सकाळी तो कुणाच्या तरी पायाखाली येईल म्हणून गवंड्याची बायको उचलून माझ्या छातीवर ठेवते.

रविवारी समितीने भेटायची परवानगी दिली आहे. सकाळच्या बसने येतो. फार थांबणार नाही. एकच विनंती. मी बेल वाजवल्यावर दार उघडायला मुंगीला पाठवू नका. बेल वाजली की मुलं धावतातच, आणि दाराआडून "कोण?" विचारतातच. कुठल्याही घरातलं मूल विचारतं. मला ते कळतं. तरीही पहिल्या खेपेला तेवढं मला ऐकवणार नाही. तुम्हीच उघडा.